तुमचा मुलगा परत आला ती दुपार

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत होतं, पण कन्नड. माहेरी, अक्कलकोटच्या पलीकडं, दोन यत्ता शिकला होतात आणि तेवढ्यावर बोट ठेवून ठेवून पोथी वाचायचा. मी कन्नड बोलायला तुमच्या चुलीपुढं शिकले, लिहायला कधी शिकले नाही. म्हणजे तुम्ही असतात तरी हे मराठी कागद तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागले असते, आणि यातलं काही तिसऱ्या माणसाच्या तोंडून तुम्ही ऐकावं असं मला वाटत नाही. तेव्हा हे मी माझ्यापुरतंच लिहितेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला ओळखणारी माणसंही आता फारशी उरलेली नाहीत. गिरणी बंद पडली, चाळ पडली. आपली खोली होती तिथं आता काय आहे ते बघायला मी एकदाच गेले आणि पुन्हा गेले नाही.

मी लग्न होऊन तुमच्याकडं आले तेव्हा सतरा वर्षांची होते. सातवी पास, बार्शीकडच्या एका खेड्यातली, कन्नडचा एक शब्द न येणारी. तुमचं घर म्हणजे सोलापुरात गिरणीमागच्या चाळीतल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खानावळ, आतल्या खोलीत चूल आणि आपण तिघं. सासरे मी पाहिलेच नाहीत. ते गेल्यावर तुम्ही गिरणीतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालायला लागलात आणि त्यावरच मुलाला वाढवलंत. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की माणसं हातपाय धुऊन भिंतीला पाठ लावून ओळीनं बसायची. कडक भाकरी, आमटी, शेंगाची चटणी, कांदा. तुम्ही कपाळाला इबत्तीचे, भस्माचे पट्टे ओढून चुलीपुढं आणि मी वाढायला. तुमचा मुलगा त्याच गिरणीत बदली कामगार होता. कुणी आलं नाही तर त्या दिवशी त्याला काम, नाहीतर गेटवरूनच परत. असा परत आला की तो कुणाशी बोलायचा नाही, आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. वाईट नव्हता तो. हे मला आज लिहिता येतं. त्याला त्या गेटची लाज वाटायची आणि आपल्याला ती दिसायची, म्हणून त्याला आपलीही लाज वाटू लागली असावी.

लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं आणि तो भिवंडीला गेला. तिथं पॉवरलूमवर कायमचं काम मिळतंय, खोली बघतो आणि हिला नेतो, असं तुम्हाला सांगून गेला. मला वेगळं काही सांगितलं नाही. सुरुवातीला पत्रं आली. मग पावसाळ्यात थांबली, ती थांबलीच. तुम्ही रोज म्हणायचा, "कामात असंल." मीही तेच म्हणायची.

मग ती दुपार. पहिल्या पाळीची माणसं जेवायला बसलीत, मी आमटीची बादली घेऊन ओळीतून फिरतेय. कोपऱ्यात बसणारा एक माणूस भाचीच्या लग्नाला भिवंडीला जाऊन आला होता. घास तोंडात असतानाच तो बोलून गेला. "मावशी, तुमच्या पोराला बघितलं की तितं. संसार मांडलाय त्यानं. बाई हाय, बाईचं लेकरू पन हाय. तुमाला ठावं न्हाय व्हय?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. आपण काय बोललो ते त्याला सगळ्यांचे हात थांबल्यावर समजलं. मी बादली धरून त्याच्या समोरच उभी होते. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं, आणि न बघणं मला बघण्यापेक्षा जास्त लागत होतं. तुमची भाकरी थापायची थाप थांबली नाही. आतून तुमचा आवाज आला, "पोरी, त्यांच्या ताटात आमटी न्हाय. वाढ की." मी वाढली. त्या माणसानं खाली मान घालून ती खाल्ली.

तुमच्या भाषेत लाजेला नाचिकी म्हणतात. आमच्या मराठीत नाचक्की म्हणजे चारचौघांत झालेली शोभा. शब्द एकच असावा, इकडून तिकडं येताना त्याचं काहीतरी झालं. मला त्या दिवसापासून दोन्ही चिकटल्या. नळावर जाणं मी बंद केलं, पाणी तुम्ही आणायला लागलात. वाढायला बाहेर येईना, तेव्हा वाढायलाही तुम्हीच. मी आत बसून फक्त भाकऱ्या थापायची, माणसं उठून गेली की भांडी घासायची, आणि सगळ्यांचं उरलं तर अर्धी भाकरी खायची. आपल्याला सोडून गेलेल्या माणसाच्या आईच्या घरात आपण कोणत्या नात्यानं बसलोय, हे मला कळत नव्हतं. विधवा असते तर कळलं असतं.

माझे अप्पा मला न्यायला आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल. ते बाहेरच्या खोलीत टोपी मांडीवर ठेवून बसले. म्हणाले, "इनबाई, पोरीला घिऊन जातो. दैवानं केलं, तुमचा काय दोष." तुम्ही म्हणालात, "घरी अजून दोघी हायत की लग्नाच्या." तुम्ही पुढं म्हणालात, "ही गेली तर त्यांना कोन करंल? ऱ्हाऊ द्या हितं. माझी मी बघते तिला." मी आतल्या दारातून अप्पांचा चेहरा पाहत होते. त्यांनी एकदा नको म्हटलं, मग दुसऱ्यांदा म्हटलं नाही. त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं ते मला दिसलं. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा ते रडत होते, आणि मला त्यांच्या रडण्याची चीड आली. मी नकोय हे असं सगळ्यांना एकदम पटलं होतं, फक्त तुम्हालाच कसं पटलं नव्हतं, याचा मला राग आला होता. हो, तुमचा राग. तुम्ही ठेवून घेतलंत म्हणून आता तुमचे उपकारही माझ्या डोक्यावर आले होते.

तुम्ही माझ्यावर ओरडल्याचं मला दोनदाच आठवतं. त्यातलं पहिलं तेव्हाचं. माणसं उठून गेली होती. मी टोपल्याच्या तळाची मोडकी भाकरी घेऊन कोपऱ्यात बसले होते. तुम्ही आलात, माझ्या हातातली भाकरी काढून घेतलीत आणि तव्यावरची गरम भाकरी, चटणी, वर तेल, असं ताट माझ्यापुढं आपटलंत. "पहाटंपासनं टोपलंभर भाकऱ्या कोन थापतंय? मी का तू? आनि खायाच्या टायमाला भिकारनीवानी कोपरा धरतीस. उपकाराचं खाती व्हय तू हितं? ऊटा माड." ऊटा माड, जेव. मी जेवले. तुम्ही समोर बसून राहिलात, ताट रिकामं होईपर्यंत.

सरकारी दवाखान्यातली एक नर्सबाई आपल्याकडून डबा न्यायची. केरळकडची होती, मोडकं हिंदी बोलायची. तिला तुम्ही काय विचारलं, कधी विचारलं, मला माहीत नाही. एक दिवस डबा घेताना ती मला म्हणाली, "सातवी पास है ना? फॉर्म भरो." मला वाटलं कसला. तुम्ही चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणालात, "बाळंतपनं करायचं शिकवत्यात. सरकार शिकवतंय, ऱ्हायला खोली देतंय, मग नोकरी." मी म्हटलं, मला जमणार नाही. तुम्ही विचारलंत, "काय जमायचं न्हाय? शिकायचं, का दारातनं भाईर पडायचं?" तुम्ही बरोबर तेच विचारलं होतंत. मला रस्त्यावरून चालायचीच भीती वाटत होती. मी तुम्हाला अनोळखी बायकांचं रक्त, मळ, विटाळ असली कारणं सांगितली. चाळीतल्या बायकांनी आणि तुमच्या भावकीनंही तीच सांगितली. लिंगायताची सून लोकांची घाण काढणार का, असं तुमच्या दिरांनी दारात उभं राहून विचारलं. तुम्ही त्यांना पाणी दिलंत, बसा म्हणालात आणि पुन्हा चुलीपुढं बसलात.

ट्रेनिंगला जायच्या आधी तुम्ही मला नव्या पेठेत घेऊन गेलात. इतक्या महिन्यांनी मी बाजारात येत होते. कापडाच्या दुकानांतून गर्दी सांडत होती, टांगेवाले ओरडत होते, आणि मी पदर इतका पुढं ओढलेला की मला फक्त तुमच्या टाचा दिसत होत्या. त्या टाचांच्या मागंच मी चालले. पांढऱ्या साड्या घेतल्यावर तुम्ही घड्याळाच्या दुकानात शिरलात. दुकानदारानं बायकांची बारीक, सोनेरी घड्याळं पुढं मांडली. तुम्ही एकेक उचलून डोळ्यांजवळ नेलंत. "ह्याच्यात पळता काटा कुटं हाय?" नाडी मोजायला सेकंदाचा काटा लागतो, हे तुम्ही त्या नर्सबाईकडून विचारून ठेवलं होतं. शेवटी एक पुरुषी, मोठ्या तबकडीचं, वापरलेलं घड्याळ निघालं. माझ्या मनगटात ते फिरायचं. दुकानदार हसला, म्हणाला, "मालकांसाठी घेताय वाटतं." तुम्ही म्हणालात, "हिच्यासाठी. ही नर्स हाय." मी अजून काहीच नव्हते. दुकानातल्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि तुम्ही मात्र त्याला पट्ट्याला आणखी एक भोक पाडायला सांगत होतात.

वॉर्डातल्या पहिल्याच दिवशी मला उलटी झाली. एका बाईचं मूल पोटातच गेलं होतं. मी त्या खोलीतून निघाले ती दवाखान्याच्या गेटातून बाहेर पडून, पांढऱ्या साडीत, चालत घरी आले. तुम्ही मला झोपू दिलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर चूल पेटलेली नव्हती. तुम्ही दारात उभ्या राहून आलेल्या माणसांना सांगत होतात, "आज न्हाय जेवन. आज भाईर खावा." सुरू केल्यापासून खानावळ कधी बंद राहिली नव्हती, हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि गेटापर्यंत घेऊन गेलात. मी म्हटलं, "आत्याबाई, मला भीती वाटते." तुम्ही म्हणालात, "अंजब्याड. भिऊ नगं. मी हितंच बसते." गेटाजवळ लिंबाखाली रुग्णांचे नातेवाईक बसायचे, त्यांच्यात जाऊन बसलात. मी दिवसातून किती वेळा खिडकीपाशी गेले असेन. तुम्ही तिथंच होतात. एकदा पाहिलं तर कुणाचं तरी लेकरू मांडीवर घेऊन बसला होतात. त्या दिवशी मी मेलेलं मूल नव्हे, रडणारं मूल हातात घेतलं. त्यानंतर मी पळून आले नाही. पुढं काही माणसांनी आपली खानावळ सोडली. बाळंतिणींच्या खोलीतून आलेली सून ज्या घरात सुट्टीला भाकऱ्या थापते तिथं आम्ही जेवणार नाही, म्हणाले. तुम्ही त्यांची ताटं मांडणं थांबवलंत, एवढंच.

लोक म्हणतात मला त्या कामात जगण्याचा अर्थ सापडला. खरं आहे ते, पण सगळं खरं नाही. माझी नेमणूक दक्षिणेकडच्या एका खेड्यात झाली. उपकेंद्राची एक खोली, त्यातच मी राहायची. गाव कन्नड बोलणारं, आणि तुमच्या चुलीपुढं शिकलेलं माझं कन्नड तिथं चाललं. मी वस्त्यावस्त्यांवर चालत जायची. बोलावलं की लगेच जायची, न बोलावताही जायची. सुट्टी घ्यायची नाही. साहेब कौतुक करायचे. आणि गावात मी सांगून टाकलं होतं की माझे मालक मुंबईला असतात, मोठ्या कंपनीत, सणाला येतात. कुणी विचारलं तर त्या कंपनीचं नावसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. सोलापूरला आले की मला पुन्हा ती टाकलेली सून व्हावं लागायचं, म्हणून मी सोलापूरलाच येईनाशी झाले. किती तरी आठवडे आले नाही. तुमचे निरोप यायचे, मी कामाची कारणं उलट धाडायची. कारणं खरीच होती. कुणी ना कुणी बाळंत होतच असतं.

मग एक दिवस एसटीतून तुम्हीच उतरलात. डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं. उपकेंद्रापुढं बायका बसल्या होत्या. नर्सबाईची सासू आली म्हटल्यावर त्यांनी तुम्हाला गराडा घातला, पाणी दिलं, आणि एकीनं कन्नडमधून विचारलं, "तुमचा मुलगा मुंबईला असतो म्हणं. आता कधी येनार?" मी आत लसीची पेटी लावत होते. तुम्ही म्हणालात, "येईल की. काम असतंय त्याला." किती सहज म्हणालात. आपल्या मुलाबद्दल त्या बायकांपुढं, माझ्यासाठी.

त्या गेल्यावर तुम्ही दार लोटलंत. हे दुसरं ओरडणं, पण आवाज चढला नव्हता. "तू हितं काम करतीस का घरातनं पळतीस?" मी म्हटलं, "या बायकांना माझी गरज आहे." तुम्ही म्हणालात, "हाय की. म्या कुटं न्हाय म्हनतेय. पर तुला कशाची गरज हाय? आरशात बघ, हाडं वर आल्यात. एक खोटं झाकायला दिवसभर पळत ऱ्हायचं, आनि त्याला लोकांची सेवा म्हनायचं. असं कुटवर पळशील?" मी रडायला लागले. तुम्ही गाठोडं सोडलंत, दोन ताटल्या मांडल्यात आणि आपण जेवलो. जाताना एसटीच्या दारात उभ्या राहून म्हणालात, "शनिवारी ये. माझ्यासाठी न्हाय, जेवायला ये."

त्या शनिवारी मी आले. मग दर शनिवारी. रविवारी बाहेरच्या खोलीत माणसांना वाढायचीसुद्धा, पुन्हा पूर्वीसारखी. कुणी बोलावलंच तर कुठल्या बाईकडं जायचं ते मी शेजारच्या गावच्या नर्सला सांगून ठेवायची. एक बाळंतपण माझ्यावाचून झालं आणि बरं झालं, तेव्हा मला वाईट वाटलं, आणि वाईट का वाटावं याचा विचार करत मी त्या आठवड्यात पुष्कळ चालले. खोट्याचंही मग मी केलं काहीतरी. पाटलाच्या थोरल्या सुनेला, जिचं पहिलं मूल माझ्या हातून झालं होतं, तिला खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावाला कळलं. मला वाटलं आता कुणी येणार नाही. पण दुपारी एक पोटुशी बाई आली, पाय सुजलेत म्हणाली. मी तिचे पाय पाहिले. तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि पाय दाबून बघायला पुढं केले. तेवढंच झालं. इतकी वर्षं ज्याला भ्याले ते इतकंच होतं, याचीही मला लाजच वाटली.

आता ती रविवारची दुपार. मी परातीत पीठ मळतेय. बाहेरची माणसं नुकतीच उठून गेलीत. दारात कुणीतरी उभं राहिलं, उजेड अडला. तुम्ही वर पाहिलंत आणि म्हणालात, "आलास व्हय." मी मान वर केली नाही, पण पायांवरून ओळखलं. मग पाहिलं, तो वाळला होता. हातात केळ्यांचा घड आणि कागदात गुंडाळलेली साडी होती. तुम्ही त्याला तांब्या दिलात, पाट मांडलात, ताट वाढलंत. त्याच्या आवडीची शेंगाची पोळी घरात नव्हती म्हणून तुम्ही गूळ-तूप आणून ठेवलंत. तो जेवता जेवता बोलत होता. ती बाई तिच्या लेकराला घेऊन निघून गेली. आता त्याचं काम कायम झालंय, खोली आहे, नळ आहे. "हिला न्यायला आलोय," म्हणाला. "झालं ते झालं. नोकरी सोडाय लागंल तिला. तितं बायकोनं काम करायची गरज न्हाय."

चाळीतल्या बायका दारात जमल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "नशीब काढलंस गं पोरी. नवरा उंबऱ्यात आला." तो तुमच्याकडं पाहत होता. तुम्ही पंख्यानं त्याच्या ताटावरच्या माश्या वारत होतात. तो म्हणाला, "आई, सांग की तिला." तुमचा हात थांबला नाही. "तिला विचार," तुम्ही म्हणालात. "मला नगं विचारू."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझे हात पिठात होते. मी तुमच्याकडं पाहिलं, पण तुम्ही माझ्याकडं बघत नव्हता. मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी म्हणाल, जा किंवा नको जाऊ, आणि मी तसं करीन. तुम्ही ते मला दिलं नाहीत. मी परातीपासून उठले. मग मी म्हटलं, "मी येणार न्हाय. तुमी हितं ऱ्हावा, आईजवळ." त्यानं ऐकलं, आणि त्याच्या तोंडावर तीच जुनी गेटवरून परत आल्याची कळा आली. "बायकोच्या पगारावर ऱ्हाऊ व्हय हितं? चाळीपुढं?" तो ताटावरून उठला. भाकरी अर्धी राहिली होती. चपला घालताना तुम्हाला म्हणाला, "माझं घर मोडलंस तू, आई." तुम्ही दारापर्यंत गेलात. "जेवून तरी जा रं," म्हणालात. तो गेला. बायका पांगल्या. केळी आणि साडी तिथंच राहिली.

तुम्ही परत येऊन त्याच्या पाटावर बसलात. त्यानं टाकलेली अर्धी भाकरी उचललीत आणि खाल्लीत. सावकाश, गूळ-तुपासकट, ताटात कण राहिला नाही तोवर. मी तशीच उभी होते. मग तुम्ही हात धुतलेत आणि विचारलंत, "उद्या तुझी गाडी कितीला हाय?"

त्यानंतर तो कधी आला नाही. तुमच्या आजारपणातही नाही, कळवलं होतं. तुम्ही त्याचं नाव काढलं नाहीत, पण दारात कुणी थांबलं, उजेड जरासा अडला की तुमची मान वर व्हायची, आणि मी असले की तुम्ही ती लगेच खाली घालायचा. मला ते दिसायचं. कधी एकदा तरी मी तुमच्याशेजारी बसून म्हणायला हवं होतं की माझ्या एका शब्दापायी तुमचा मुलगा गेला, हे मला कळतं. म्हटलं नाही. तुम्ही "नाही गं" म्हटलं असतंत म्हणून नव्हे, तुम्ही गप्प राहिला असता तर काय, म्हणून. तुम्हाला समाधी दिली तेव्हा मुलाच्या जागी मूठमाती मी दिली. तुमच्या दिरांनी कुरकुर केली, पण थांबवलं नाही.

मी नोकरी पुरी केली. निवृत्त होऊन आता जुळे सोलापूर नावाच्या नव्या वसाहतीत एका फ्लॅटमध्ये राहते. आठवड्यातले दोन दिवस एका दवाखान्यात गरोदर बायका तपासायला जाते. बाकीचे दिवस जात नाही, बोलावलं तरी. झाडांना पाणी घालते, शेजारणीच्या नातवंडांना कन्नड शिकवते. मला नुसतं बसून राहता येतं, आणि ते शिकायला मला नर्सिंगपेक्षा जास्त वर्षं लागली.

गेल्या आठवड्यात इथल्या महिला मंडळानं मला कॉलेजच्या मुलींपुढं बोलायला बोलावलं. विषय त्यांनीच दिला होता, धैर्य आणि अर्थपूर्ण आयुष्य. शाल दिली, नारळ दिला. मी घड्याळाच्या दुकानाचं सांगितलं, लिंबाखाली दिवसभर बसून राहिल्याचं सांगितलं. मुली अगदी शांत बसून ऐकत होत्या. एकीनं उठून विचारलं, "मॅडम, इतका भक्कम आधार तुम्हाला कुणी दिला?" मी म्हटलं, "माझ्या आईनं." टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी डोळे पुसले.

तुम्ही म्हणाल, पोरगी मला आईच म्हणाली की, त्यात काय. घरी आल्यावर मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं, मायेनं आलं तोंडात म्हणून. पण आत्याबाई, मायेनं नाही आलं. सासू म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न नवऱ्याचा आला असता.